करदोड्यातला तालुका

मी आधीच सांगून ठेवतो, हे कुणाला पटायचं नाही. मला स्वतःला पटायला तीन दिवस लागले होते, आणि मी तर सगळ्या ठिकाणी हजर होतो. तेव्हा ज्याला उठून जायचं असेल त्यानं आत्ताच चहा संपवावा.

असं मी म्हणालो तेव्हा शिवपुत्राच्या हॉटेलात तिघं होते. अणदुरातनं हायवेला लागायच्या तोंडावर त्याचं पत्र्याचं हॉटेल आहे. शिवपुत्र स्वतः गल्ल्यावर, त्याची सून उमादेवी कढईपाशी, आणि समोरच्या बाकावर सोमेश. हा सोमेश म्हणजे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांना गाडी कुठं आहे ते सांगणारी जी डबी बसवतात, त्या डबीच्या कंपनीतला इंजिनिअर. उठलं कुणीच नाही. सोमेशनं तर नुकतीच भज्यांची दुसरी प्लेट सांगितली होती.

गोष्ट निघाली ती त्याच्याच रडगाण्यावरनं. "सहाशे ट्रॅक्टर हायत अप्पा," तो म्हणाला, "दर दहा सेकंदाला परतेक डबी सांगती, म्या इथं हाय, म्या इथं हाय. उभा असला तरी सांगती. हंगाम अर्धा व्हईपत्तर कॉम्प्युटर भरून वाहतो. आन वर साहेब इचारणार, परवा चार वाजता अमक्या फाट्यावर कोण कोण होतं? उत्तर यायला निम्मा तास."

"माझ्याकडं हे सगळं करदोड्यात होतं," मी म्हणालो.

"कशात?"

"करदोड्यात. कमरेला. अकरा हात दोरा, सात वेढे. सगळ्या तालुक्याची वाहतूक. आणि उत्तर विचारायच्या आत."

शिवपुत्रानं गल्ल्याचा खण बंद केला. तो माझी गोष्ट ऐकायला बसला की खण बंद करतो. त्याला वाटतं माझ्या बोलण्यानं सुट्टे पैसे सुद्धा पातळ होतात.

तर ऐका. माझ्या गुडघ्यांनी चालणं सोडलं त्या साली मी दुसऱ्यांचं चालणं मोजायला लागलो. आमची वस्ती अणदुराच्या पलीकडं दोन कोसावर, रस्ता अंगणाला लागून. दसऱ्याला उसाची वाहतूक सुरू झाली की मी ओट्यावर बसायचो, आणि जो ट्रॅक्टर जाईल त्याच्या नावाचं एक दावं घेऊन त्याच्यात गाठ मारायचो. डावीकडं वळला तर डावी गाठ, उजवीकडं वळला तर उजवी. प्रत्येक गाडीचं दावं वेगळं. कार्तिक लागेपर्यंत तीनशे बारा दावी झाली. नीलम्मा, म्हणजे माझी मंडळी, गोठ्यातनं ओरडायची, "अवो, वासराला बांधायला दावं न्हाय ऱ्हायलं घरात. त्याला कुणाच्या ट्रॅक्टरला बांधू?"

आता ह्यात रणधीर कुठं येतो ते सांगतो. रणधीर आमच्याच गावचा. लाल ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि तोंड असं की ट्रॅक्टर बंद असला तरी ते चालू. कार्तिकातल्या एका बुधवारी, दुपारच्या चहाच्या वेळेला, चार वाजता म्हणा, माझी चंद्री म्हैस रस्त्याच्या कडेला चरत होती. मी विहिरीकडं होतो. आवाज आला. कापसाची वाळलेली पळाटी मोडावी तसा. मी वळून बघतो तर चंद्री खाली, मागचा पाय उलटा, आणि वळणावरनं उसानं भरलेल्या ट्रॉलीचं शेपूट नाहीसं होतंय. लाल. शेवटच्या ट्रॉलीला निळी ताडपत्री. तशी ताडपत्री गावात एकाकडंच होती.

थांबला नाही तो. मी म्हातारा माणूस, त्याच्या मागं किती पळणार. पण चंद्रीनं मान उचलून त्या ट्रॉलीकडं बघितलं ते मी बघितलं, आणि तिथंच मनात म्हणालो, रणधीर, तुझं हलणं-चालणं आता माझ्या हातात.

उमादेवीनं भजी उलटवली. "आन चंद्रीचं?"

"तिचं पुढं तीन पायांवर चाललं. चार सडांपैकी एक सड आटला. मोडलेल्या पायाकडचा."

"तसं होत न्हाय अप्पा."

"म्हशीला विचार."

चार दिवसांनी गाव बसलं पारावर. मी सांगितलं काय बघितलं ते. रणधीर मिशीवरनं हात फिरवत उभा राहिला. "माझा ट्रॅक्टर सकाळधरनं ढोकीच्या कारखान्याच्या लायनीत उभा होता," म्हणाला, "ढोकीला जाऊन इचारा. लाल ट्रॅक्टर काय माझा एकट्याचा हाय? आन ताडपत्री काय म्हशीनं वाचली व्हय?" मग गावाकडं वळून, "मंडळी, कल्याणप्पाचं खरं आन आमच्या बोकडाचं दूध, दोन्ही तुमी कवा बघितलंय?"

हसले सगळे. ज्यांच्या लग्नात मी रात्रभर गोष्टी सांगून वऱ्हाड जागं ठेवलं होतं, ते पण हसले.

मी म्हणालो, माझ्याकडं पुरावा आहे. रणधीरच्या नावाचं दावं आणतो. आणलं. पण घोळ बघा कसा. दाव्यात फक्त वळणं होती. इथनं डावीकडं, मग उजवीकडं, मग उजवीकडं. बुधवारी चार वाजता तो कुठं होता हे सांगायचं तर दसऱ्याच्या पहिल्या गाठीपासनं मोजत यावं लागणार. मी मोजायला बसलो. दुसऱ्या आठवड्यापर्यंत आलो तेव्हा मान वर करून बघतो तर पारावर कुत्रं तेवढं उरलेलं. गाव जेवायला गेलं होतं. आणि मोजून झालं असतं तरी काय? एकट्या रणधीरचं कळलं असतं. त्या वेळेला त्या जागी दुसरं कुणी नव्हतं, हे सांगायला उरलेली तीनशे अकरा दावी उलगडायला लागली असती.

"हेच," सोमेश म्हणाला. भजं त्याच्या हातातच राहिलं. "आमचं पण हेच दुखणं हाय."

तुमचं दुखणं साहेबापुरतं. माझं दुखणं पुढं आहे. चंपाषष्ठीला आमच्या गावात खंडोबाची तळी उचलतात. ताटात खोबरं, भंडारा, आणि पाच माणसांनी पाच बाजूंनी हात लावून 'सदानंदाचा येळकोट' म्हणत ताट वर न्यायचं. त्या पाचांत एक हात आमच्या घरचा. माझ्या आज्याचा होता, बापाचा होता, चाळीस वर्षं माझा होता. त्या साली मी हात पुढं केला, तर रणधीरनं माझं मनगट धरलं. दाबलं नाही, नुसतं धरलं. म्हणाला, "खोटं बोलणाराचा हात लागला तर खोबरं कडू पडतं." आणि गावानं माझ्या जागी त्याचा हात घेतला. माझ्या डोळ्यांदेखत ताट वर गेलं. कुणीतरी माझ्या कपाळाला भंडारा लावला, लहान पोराला लावतात तसा.

त्या दिवशी मी ठरवलं. म्हशीचं भरून येतं एक वेळ. हाताचं येत नाही. त्याचा हात त्या ताटावरनं सगळ्या गावासमोर त्यानंच काढायचा, आणि माझा त्यानंच धरून तिथं ठेवायचा. ते झाल्याशिवाय मला पाणी गोड लागणार नव्हतं.

घरी येऊन मी तीनशे बारा दाव्यांच्या ढिगात बसलो. नीलम्मा तिचं इरकली लुगडं बाहेर काढून बघत होती, त्याच्यावर हळदीचा डाग पडला होता कुठंतरी. मी रागारागात म्हणालो, आण इकडं, आणि सगळं लुगडं अंगणात पसरायला लागलो. ती म्हणाली, "सुम्ने, गप बसा. नऊ वार कशाला उलगडताय? डाग ह्या घडीत हाय. तेवढी घडी उघडा, त्याच्या आतली उघडा. ज्या घडीत काय न्हाय तिला कशाला हात लावायचा?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो. बेचाळीस वर्षांत तिनं मला सांगितलेली ही पहिली गोष्ट, जी मी ऐकली.

मग मी तालुक्याची घडी घातली. सगळ्या मुलुखाचे चार भाग. ज्या भागात एकही गाडी नाही तो तिथंच संपला, त्याला गाठसुद्धा नाही. ज्याच्यात आहे त्याचे परत चार. परत चार. सहा घड्यांत मी चंद्रीच्या वळणावर येत होतो. रोज तीन मोठ्या गाठी, सूर्य उगवताना, डोक्यावर असताना आणि दिवेलागणीला. त्या गाठीत सगळ्या तालुक्याचं चित्र, कोण कुठल्या घडीत. आणि दोन मोठ्या गाठींच्या मधे फक्त हललं तेवढं. जो हलला नाही त्याला दोरा लागत नाही.

"आन सारखा सारखा त्याच रस्त्यानं जाणारा?" सोमेशनं विचारलं. आता तो बाकाच्या टोकाला आला होता.

"त्याला लाल धागा. फडातनं फाटा, फाट्यावरनं हायवे, हायवेवरनं ढोकी, ही वळणं एकदाच बांधली आणि त्याला नाव ठेवलं लाल धागा. पुढं कुणीही त्या वाटेनं गेला की नुसता लाल धागा ओवायचा. दोन लाल आणि एक हिरवा असं वरचेवर यायला लागलं, तर त्या तिघांचा मिळून एक पिवळा. असं करत करत तीनशे बारा दाव्यांचा झाला अकरा हात दोरा. आठ दिवसांत. नीलम्माला गोठा परत मिळाला आणि मला करदोडा."

सोमेश खाली बघून पुटपुटला, "आमी हे करायला बंगळूरची मान्सं लावली."

"पन अप्पा," शिवपुत्र म्हणाला, "तुमी ओट्यावर बसून सगळ्या तालुक्याचं कसं बघितलं? दुर्बीण होती?"

"तुमचे मिसकॉल होते."

"कुणाचे?"

"चौकाचौकातल्या हॉटेलवाल्यांचे. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ट्रॅक्टर डावीकडं वळला तर एक मिसकॉल, उजवीकडं वळला तर दोन. उचलायचा नाही, पैसा जायचा नाही. आणि ह्या फाट्यावर तू."

शिवपुत्र उठून उभा राहिला. "अप्पा, देवाची आन, म्या तुमाला एक पन मिसकॉल दिला न्हाय."

"म्हणून तर मला कळायचं की तुझ्या फाट्यावरनं सगळे सरळ जातात. सरळ जाणाऱ्याला मिसकॉल कशाला? सगळ्यांत जास्त जे घडतं त्याला सगळ्यांत कमी खर्च. सगळ्यांत चोख काम तुझंच होतं, शिवपुत्रा."

तो परत बसला. त्याला आपण कामाला आलो होतो हे ऐकून थोडं बरं वाटलेलं दिसलं.

तर हत्यार तयार झालं. पण मी एकदम वार नाही केला. चंद्रीचा पाय एका क्षणात मोडला होता, पण माझं मनगट त्यानं हळू धरलं होतं. मी पण हळूच धरायचं ठरवलं.

पहिल्यांदा ह्याच हॉटेलात. रणधीर ह्या बाकावर बसून सांगत होता की काल तो ईटला गेला होता, बैलजोडी बघायला. शेजारी त्याचा धाकटा मेव्हणा. मी कमरेला हात लावला, दोरा चाचपला आणि म्हणालो, "ईटला? रणधीर, काल दुपारी तू थोरल्या मेव्हण्याच्या फडात होतास. त्याचा ऊस नंबर मोडून भरलास. धाकट्याचा नंबर होता ना रे?" धाकट्या मेव्हण्यानं चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. रणधीर माझ्याकडं बघतोय, माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या कमरेकडं.

दुसऱ्यांदा त्याच्या दारात. त्यानं बायकोला सांगितलेलं की तुळजापूरला दर्शनाला जाऊन आलो, पेढे पण आणलेले. मी रस्त्यावरनं जाता जाता म्हणालो, "वैनी, पेढे चांगले आहेत का? तुळजापूरची वाट तर त्याच्या ट्रॅक्टरनं महिनाभर बघितली नाही." तिनं पेढा तोंडातनं काढून हातावर घेतला आणि नवऱ्याकडं बघितलं. मी पुढं चालत राहिलो. गुडघे त्या दिवशी अजिबात दुखले नाहीत.

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. रोज एक. त्यानं खोटं बोलणं सोडलं. मग बोलणंच सोडलं. तरी माझा हात कमरेला गेला की तो घामानं भिजायचा. शेवटी कुणीतरी त्याला सांगितलं की कल्याणप्पाच्या दोऱ्यात हलेल त्याचीच गाठ बसते. तेव्हापासनं रणधीर हलायचा बंद झाला. आठ दिवस, शिवपुत्रा, आठ दिवस तो आपल्या ओट्यावरनं उठला नाही. बायको भाकरी हातावर आणून द्यायची. माशी बसली तरी हात हलवायचा नाही. त्याच्या खांद्यावर कोळ्यानं जाळं धरलं, ते मी स्वतः बघितलं. ट्रॅक्टरच्या चाकाखालनं गवत उगवून सायलेन्सरपर्यंत आलं.

"आठ दिसात?" उमादेवी.

"गवत पण त्याच्यावर खार खाऊन होतं."

मला दया आली का? सोमेशनं मधेच विचारलं म्हणून सांगतो. नाही आली. मी रोज सकाळी मुद्दाम त्याच्या ओट्यासमोरनं चंद्रीला पाण्यावर न्यायचो. तीन पायांवर ती लंगडत जायची आणि त्याच्या दारात आली की थांबायची. मी तिला हाकायचो नाही. तिला जितका वेळ उभं राहायचं असेल तितका वेळ उभी राहू दे म्हणायचो.

नवव्या दिवशी त्याच्या बायकोनं निरोप धाडला, की काय हवं ते सांगा, पण ह्यांना हलू द्या. मी म्हणालो, गाव गोळा करा.

परत पार. परत तीच माणसं. मी धोतराची गाठ सैल केली, करदोडा सोडला आणि सगळ्यांसमोर धरला. कार्तिकातला बुधवार, दुपारची मोठी गाठ. चार भाग, त्यातला खालचा. परत चार, त्यातला उगवतीचा. सहा घड्या उघडल्या. रस्त्याच्या त्या तुकड्यात दुपारी बारा वाजता कुणी नाही. मग पुढच्या बारीक गाठी बोटानं मोजत आलो. एक लाल धागा, दोन उजव्या गाठी. चार वाजता त्या घडीत एक गाडी. फक्त एक, रणधीरची. आणि ढोकीच्या लायनीत रणधीरचा ट्रॅक्टर शिरतोय तो दिवेलागणीच्या गाठीला. सकाळधरनं नाही. मी एवढं बोललो आणि दोरा त्याच्या मांडीवर टाकला.

रणधीर आठ दिवसांनी पहिल्यांदा बोलला. "करदोडा म्हंजी पुरावा व्हतो व्हय?"

गावातला एक शहाणा म्हणाला, तेही खरंच आहे. कमरेच्या दोऱ्यावरनं माणसाला खोटं ठरवलं तर उद्या कुणीही कमरेला काहीही बांधून येईल.

इतकं करून परत तिथंच. माझा हात परत ताटाबाहेर. मग मी म्हणालो, "ठीक आहे. करदोडा राहू द्या. रणधीर, तू खंडोबासमोर चल. हातावर भंडारा घे आणि देवाच्या डोळ्यांत बघून सांग, ट्रॅक्टर ढोकीला होता. तू तसं म्हणालास, की मी गोष्टी सांगायचं कायमचं सोडून देतो."

हे ऐकून गाव उठून उभं राहिलं. कारण आमच्याकडं माणूस पंचासमोर खोटं बोलेल, पोलिसासमोर बोलेल, बायकोसमोर तर बोलेलच. पण अणदूरच्या देवासमोर भंडारा हातात घेऊन नाही.

पौषातला पहिला रविवार. सकाळची वेळ. आख्खं गाव अणदूरला आलं, ट्रॉल्या भरभरून. रणधीरची ट्रॉली पण होती, पण तो माझ्या बैलगाडीत बसला होता, कारण ट्रॅक्टरवर बसायची त्याची छाती झाली नाही. देवळात शिरलो. पुजाऱ्यानं त्याच्या ओंजळीत भंडारा ओतला. गाभाऱ्यात देव, पुढं रणधीर, आणि त्याच्या उजव्या अंगाला मी.

त्यानं मान वर केली. देवाचे डोळे बघितले. काय ते डोळे, उमादेवी. समईच्या उजेडात ती मूर्ती एकटक त्याच्याकडं बघत होती, आणि मी शपथेवर सांगतो, पापणी लवली. रणधीरच्या ओंजळीतला भंडारा सांडायला लागला. आधी बोटांतनं, मग सगळाच. तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "देवा, माझाच ट्रॅक्टर होता. म्हस माझ्या ट्रॉलीनं मोडली. म्या बघितलं आन थांबलो न्हाय. कल्याणप्पा खरं बोलला."

पण अजून माझं राहिलं होतं. पुजाऱ्यानं तळीचं ताट आणलं. चौघांनी हात लावले. रणधीरनं माझं मनगट धरलं, तेच मनगट, आणि स्वतःच्या हातानं नेऊन ताटाला लावलं. मग मागं सरकला, भिंतीपर्यंत. आम्ही पाच जणांनी ताट वर नेलं, आणि त्या क्षणी मूर्तीच्या अंगावरचा भंडारा आपोआप निसटून माझ्या हातावर पडला. एवढा. कोपरापर्यंत पिवळा झालो. तीन दिवस धुतलं तरी गेला नाही.

शिवपुत्रानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. सोमेशचा चहा गार झाला होता, तो त्यानं तसाच गार पिऊन टाकला.

उमादेवीनं झारा कढईच्या काठावर ठेवला. "अप्पा, म्हयना कोन्ता म्हनलात?"

"पौष."

"पहिला रविवार?"

"व्हय. पहिलाच."

"आन देव अणदुरात."

"गाभाऱ्यात. माझ्यापासनं हातभर अंतरावर."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझं म्हायेर नळदुर्गचं हाय अप्पा. दोन्ही गावांत मिळून मूर्ती एकच. मार्गशीर्षात देव पालखीत बसून आमच्याकडं येतो, आन पौषातली पुनवेची जत्रा झाल्याबिगर अणदूरला माघारी जात न्हाय. लेकराला पन ठावं हाय हे. समद्या तालुक्याचे ट्रॅक्टर बांधले तुमी, करदोड्यात देवाची गाठ तेवढी मारायची ऱ्हायली व्हय?"